वजनाच्या इंजेक्शनला कोर्स नसतो

"तीन महिन्यांचा कोर्स केला तर किती किलो उतरतील हो?" जबलपुरातल्या आपल्या मराठी घरांतून हल्ली हा प्रश्न सारखा कानावर येतो. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचे गुडघे कुरकुरायला लागलेत, कुणाची नागपूरची वहिनी घेऊन बारीक झाली आहे. विचारणाऱ्याला किंमत ठाऊक असते, दुकान ठाऊक असतं. एवढंच ठाऊक नसतं की या इंजेक्शनला कोर्स असा नसतोच. ते अंगात आहे तोवर काम करतं, बंद केलं की काम थांबतं. रक्तदाबाच्या गोळीचं असतं तसंच. ही एक गोष्ट पहिली सुई टोचण्याआधी कळावी, नंतर नव्हे, म्हणून हे लिहिते आहे.

बोलतेय ते मुख्यतः दोन औषधांबद्दल. एक सेमाग्लुटाइड, जे ओझेम्पिक आणि वेगोव्ही या नावांनी इंजेक्शनात आणि रायबेल्सस या नावाने गोळीत येतं. दुसरं टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो. मौंजारो भारतात मार्च 2025 मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये, ओझेम्पिक डिसेंबरात. गोळी तर 2022 पासूनच होती. मधुमेहासाठी आणि लठ्ठपणासाठी इतकी परिणामकारक औषधं याआधी आपल्याकडे नव्हती, हे मी आधीच मोकळेपणाने सांगते. भीती घालायचा माझा हेतू नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी ती जरूर घ्यावीत, पण समजून घ्यावीत.

ती काम कशी करतात ते बघा. आपण जेवलो की अन्न आतड्यात उतरतं. आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात. अन्न येऊन पोचलं की त्या जीएलपी-1 नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. हार्मोन म्हणजे शरीराच्या एका भागाने दुसऱ्याला धाडलेला निरोप. हा निरोप स्वादुपिंडाला पोचतो, तेव्हा ते इन्सुलिन सोडतं, पण रक्तात साखर वाढलेली असेल तरच. साखर उतरली की निरोपाचा जोर आपोआप ओसरतो. त्याच वेळी ग्लुकागॉन नावाचं, यकृताला साखर सोडायला लावणारं दुसरं हार्मोन दबतं. जठराला सांगितलं जातं की घाई नको, अन्न सावकाश पुढे ढकल. आणि मेंदूला कळतं की पोट भरलं, आता पुरे. शेवटचा निरोप वजनाच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा. ही औषधं घेणारे बरेच जण सांगतात की दिवसभर डोक्यात घोळणारा खाण्याचा विचारच थांबला. समोर खोव्याची जिलबी ठेवली तरी एक तुकडा पुरतो.

मग हेच हार्मोन बाटलीत भरून का देत नाहीत? कारण ते टिकत नाही. जीएलपी-1 हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिनही पेप्टाइडच, त्यात 51 अमिनो आम्लं, यात 30. रक्तात डीपीपी-4 नावाचं एन्झाइम असतं, ते ही साखळी कापून टाकतं. जेमतेम दोन मिनिटांत निम्मं हार्मोन निकामी. दोन मिनिटांच्या औषधाने कुणाचा मधुमेह आटोक्यात येणार?

उत्तराचा धागा सापडला तो एका विषारी सरड्यात. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा सरडा असतो. न्यूयॉर्कमधल्या डॉ. जॉन इंग यांना 1992 मध्ये त्याच्या विषात जीएलपी-1 सारखंच वागणारं, पण सहजासहजी न तुटणारं पेप्टाइड मिळालं. त्यावरून बनलेल्या एक्झेनाटाइडला 2005 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत लॉटे ब्येरे क्नुडसेन यांच्या गटाने वेगळी वाट काढली. त्यांनी मानवी हार्मोनच्याच साखळीला चरबीच्या आम्लाची एक शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला धरून राहते, त्यामुळे औषध लवकर तुटत नाही की लघवीवाटे निघून जात नाही. लिराग्लुटाइड असं दिवसभर टिकू लागलं. सेमाग्लुटाइडच्या साखळीत आणखी एक अमिनो आम्ल बदललं, त्यामुळे डीपीपी-4 ला ती कापता येईना. ते इतकं टिकतं की निम्मं औषध उतरायला आठवडा लागतो. आठवड्याला एक सुई पुरते ती यामुळे. टिर्झेपटाइड जीएलपी-1 सोबत जीआयपी या आतड्याच्याच दुसऱ्या हार्मोनचीही नक्कल करतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमच्या शुगरच्या गोळ्यांच्या पट्टीवर सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन लिहिलंय का पाहा. या गोळ्या त्याच डीपीपी-4 ला अडवतात आणि तुमचं स्वतःचं जीएलपी-1 थोडा जास्त वेळ टिकवतात. म्हणजे या औषधांच्या लहान बहिणी तुम्ही आधीपासूनच घेत असाल. शुगर त्या माफक उतरवतात, वजनावर मात्र परिणाम करत नाहीत. इंजेक्शन सुरू झाल्यावर या गोळ्या चालू ठेवण्यात फायदा नसतो, म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्या. नुसतं "शुगरची पांढरी गोळी" म्हणून भागत नाही.

आता आकडे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत, 68 आठवड्यांनी, लोकांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत सुमारे 21 टक्के. 80 किलोच्या माणसाला हे 12 ते 17 किलो होतात. ज्यांना आधीच हृदयरोग आहे आणि वजनही जास्त आहे, पण मधुमेह नाही, अशा 17,604 लोकांवर झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी केले. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्यांनाही त्याचा फायदा दिसला आहे. म्हणून कुणी "ही बारीक व्हायची फॅशन आहे" म्हणून सगळंच उडवून लावू नये. ज्याला एक अटॅक येऊन गेलाय, त्याच्यासाठी हे जीव वाचवणारं औषध ठरू शकतं.

आणि आता दुसरी बाजू. त्याच पहिल्या चाचणीतल्या लोकांचं औषध थांबवून त्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाब, साखर हेही बहुतांशी जुन्या जागेकडे सरकले. त्या लोकांनी आळस केला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मेंदूला मिळणारा निरोप थांबला, भूक परत आली, आणि घटलेलं वजन भरून काढायला शरीर नेहमीच धडपडतं. लठ्ठपणा हा जिभेचा चोचला नसून दीर्घकाळ चालणारा आजार आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. मेहुणीच्या ताटाकडे बघून टोमणे मारणाऱ्यांनीही हे ऐकावं.

म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांना विचारायचा प्रश्न "किती किलो?" हा नाही. "मला हे किती वर्षं घ्यावं लागेल, कमी डोसवर कधी आणता येईल, आणि थांबवायचं झालं तर कसं थांबवायचं?" हा आहे. खिशाचा हिशोबही त्याच दिवशी मांडा. मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या 2.5 मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत 3,500 रुपये होती, म्हणजे महिन्याला 14,000. गन कॅरेज किंवा व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या पेन्शनला हे सोसवणारं नाही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 ची, आणि त्यानंतर इंजेक्शनची स्वस्त पेनं काढण्याची तयारी देशी कंपन्यांनी आधीच केली होती. स्वस्ताई चांगलीच. पण औषध जितकं स्वस्त, तितका ते डॉक्टरला न विचारता घेण्याचा मोह मोठा, आणि मला काळजी वाटते ती याचीच. महिना दोन महिने घेऊन सोडून द्यायचं असेल, तर ते पैसे वाया जातील. त्यातून चांगलं काही उरत नाही, उलट थोडं नुकसान होतं, ते पुढे सांगते.

घ्यायचं कुणी? इथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवतं. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी पोटात, यकृताभोवती चरबी बाळगून असतो, स्नायू कमी असतात, आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ गोऱ्या लोकांसारखी बीएमआय 30 वर न ठेवता 25 वर ठेवतात, आणि कमरेचा घेर पुरुषाचा 90 सेंटिमीटर, बाईचा 80 याच्या वर गेला तर सावध व्हायला सांगतात. शिलाईच्या डब्यातली टेप काढा, बेंबीच्या थोडं वर, श्वास सोडून, पोट न आवळता मोजा. वजनकाट्यापेक्षा ही टेप खरं बोलते.

पण याची दुसरी बाजूही त्याच फोटोत आहे. आपल्या अंगात स्नायू मुळातच कमी. या औषधाने वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी उतरत नाही. उतरलेल्या वजनाचा चौथा भाग ते तिसरा भाग, कधी त्याहून जास्त, स्नायूंसकट चरबीव्यतिरिक्तच्या भागातून जातो. औषध सोडल्यावर वजन परत येतं ते बहुतांशी चरबीचं असतं. तीन महिने घे, सोड, पुन्हा घे, असं करणारी साठीची काकू काट्यावर तेवढीच दिसेल, पण तिच्या मांड्यांतला जोर गेलेला असेल. जिना चढताना, बाथरूममध्ये पाय घसरल्यावर ते कळतं. नुकसान म्हटलं ते हे. म्हणून हे औषध घेणाऱ्याने प्रोटीनकडे लक्ष दिलंच पाहिजे. भूक कमी होते तेव्हा आधी ताटातलं काय सुटतं? उसळ सुटते, दही सुटतं, आणि दोन बिस्किटांवर चहा मात्र चालू राहतो. तसं होऊ देऊ नका. जेवायला बसल्यावर पहिले घास वरणाचे, मुगाच्या उसळीचे, पनीरचे, खात असाल तर अंड्याचे. भात शेवटी, जागा उरली तर. भंवरताल बागेतलं सकाळचं फिरणं चांगलंच आहे, पण स्नायूंसाठी तेवढं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. रोज. गुडघे फार दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारून.

काही जणांनी हे औषध घ्यायचंच नाही. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल, तर नाही. स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांना, तरुणांना इन्सुलिनच लागतं, हे त्याची जागा घेऊ शकत नाही. दिवस राहिलेले असताना किंवा अंगावर पाजताना नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. लग्नाआधी वजन उतरवायला निघालेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना हे कुणी सांगतच नाही. आणि टिर्झेपटाइड घेताना कुटुंबनियोजनाच्या गोळीचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा दुसरा उपाय विचारून घ्या.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब बऱ्याच जणांना होतात. म्हणूनच डोस हळूहळू चढवतात. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन 0.25 मिलिग्रॅमने सुरू होतं आणि चार आठवडे तेवढंच राहतं. त्या डोसाला शुगर, वजन फारसं हलणार नाही. तो पोटाला सवय लावायला असतो. "काहीच होत नाही" म्हणून स्वतःच्या मनाने डोस दुप्पट करणारे उलट्यांनी सुकून सलाईन लावून घेतात. थोडं थोडं खा, तळलेलं टाळा, पाणी पीत राहा. पण पोटात असह्य दुखून ती कळ पाठीत जाऊ लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. पुढची सुई घेऊ नका आणि त्याच रात्री मेडिकल कॉलेजला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताशयातले खडे, दोन्ही असू शकतात. मधुमेह जुना असेल तर सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण वाढलेली शुगर झपाट्याने उतरली की आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो.

उपासांबद्दल आपल्या घरांत स्वतंत्रपणे बोलायला हवं. साखर वाढलेली असेल तरच इन्सुलिन सुटतं हे वर सांगितलं, म्हणून एकटं घेतलं तर हे औषध शुगर फार खाली नेत नाही. पण बरोबर ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, आणि त्यात भूक मेलेली, आणि त्यात निर्जळ एकादशी किंवा नवरात्र, तर शुगर 70 च्या खाली घसरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस बरळायला लागतो. घरातल्यांना वाटतं उपास बाधला. तेव्हा त्याच क्षणी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, उपास बाजूला राहू दे. नर्मदामैया त्यासाठी रागवायची नाही. त्याहून चांगलं म्हणजे उपासाच्या हंगामाआधी डॉक्टरकडून ग्लिमेपिराइडचा डोस कमी करून घ्या.

रायबेल्ससची गोळी घेणाऱ्यांसाठी चहाचा नियम कडक आहे. पोटात प्रोटीन जसं पचतं तसं हे पेप्टाइडही पचून जातं. ते वाचवायला गोळीत एक खास पदार्थ घातलेला असतो, तरीही त्यातलं शेकड्यात एक भागापेक्षाही कमी औषध रक्तात पोचतं, आणि तेही पोट पूर्ण रिकामं असेल तर. उठल्यावर अर्धा कप साध्या पाण्याबरोबर गोळी, मग किमान अर्धा तास काही नाही. चहा नाही, थायरॉइडची गोळी नाही, कोमट लिंबूपाणीही नाही. चहाच्या घोटाबरोबर गोळी घेऊन "असर होत नाही" म्हणणारे महिन्याचे हजारो रुपये सिंकमध्ये ओततात.

इंजेक्शनांची साठवण हा जबलपुरात खरा प्रश्न आहे, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो आणि लाइटही जाते. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. दुधाच्या पिशवीजवळ, मधल्या फळीवर. फ्रीजरमध्ये नाही, मागच्या बर्फ धरणाऱ्या भिंतीला टेकवून नाही. एकदा गोठलेलं पेन वितळवून वापरायचं नसतं, टाकून द्यायचं असतं. वापरात घेतलेलं पेन काही आठवडे 30 अंशांच्या आत बाहेर राहू शकतं, किती ते पत्रकात लिहिलेलं असतं. पण 30 अंश ही आपली मे महिन्यातली खोली नव्हे. नागपूरहून येणाऱ्या भाच्याबरोबर पेन मागवता तेव्हा ते बर्फाच्या पिशवीसह डब्यात आणायला सांगा, पण बर्फाला चिकटून नाही. सुई टोचणं अवघड नसतं. पोटाची त्वचा, बेंबीपासून दोन बोटं दूर, दर आठवड्याला जागा बदलून. सुई इतकी बारीक आणि आखूड असते की कित्येकांना टोचल्याचं कळतही नाही. तेव्हा सुईच्या भीतीने कुणी मागे राहू नये.

विकत घेताना बिल घ्या आणि बॅच नंबर पेनावरचा आणि खोक्यावरचा जुळवा. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल साऱ्या जगाला इशारा दिला होता, तो नकली माल ब्रिटन, अमेरिका, ब्राझीलपर्यंत पोचला होता म्हणून. व्हॉट्सॲपवर कुणी कुपीतली पूड पाण्यात विरघळवून घ्यायला सांगत असेल, किंवा जिमचा ट्रेनर स्वतःकडचं काही टोचायला निघाला असेल, तर हात जोडून निघून या.

ज्यांना हे परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. मेटफॉर्मिन आजही मधुमेहाचं पहिल्या पसंतीचं, अगदी स्वस्त औषध आहे. सिटाग्लिप्टिन 2022 पासून जन औषधी केंद्रात मिळू लागलं, तेव्हा 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना होत्या. व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजला एचबीए1सी तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरी त्यात दिसते. सात किंवा त्याखाली असेल आणि कंबर आटोक्यात असेल, तर पुष्कळांना महागड्या सुईची गरजच नसते.

घेत असाल तर ते लपवू नका. विशेषतः ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून, कारण जठर सावकाश रिकामं होत असल्याने रात्रीपासून उपाशी असलात तरी पोटात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलीत ते फुफ्फुसात जाऊ शकतं. दाताच्या डॉक्टरकडे भूल घ्यायची असेल तरी सांगा. आणि अर्धं उरलेलं पेन जावेला, नणंदेला देऊ नका. नवी सुई लावली तरीही नाही. एकाचं रक्त पेनाच्या आत उलटं शिरू शकतं आणि त्यातून कावीळसुद्धा पसरू शकते. तिला हवंच असेल, तर तिला घेऊन डॉक्टरकडे जा.